ओल्या विटेचा रंग

इंदूरच्या एका ४९ वर्षांच्या भगिनीने सहा पानी पत्र पाठवले आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहोत. सोळा महिन्यांपूर्वी, माघात, एका पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांच्या यजमानांचे निधन झाले. राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचे मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, लेस, दोरे असा माल. यजमानांनी ते २३ वर्षे एकट्याने सांभाळले आणि या बाई दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाखेरीज कधी गादीवर बसल्या नव्हत्या. तेराव्यानंतर आठवड्याभरातच व्यापाऱ्यांची देणी पुढे आली, म्हणून त्यांनी शटर उघडले, आणि आज दुकान त्याच चालवतात. घरी ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, मुलगी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे.

त्या लिहितात की, ओळखीचे लोक त्यांना 'अहिल्यामातेच्या गावची खंबीर बाई' म्हणतात, आणि ही खंबीर बाई रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडते. पण त्यांची खरी टोचणी याहून वेगळी आहे. त्यांना दुकान आवडू लागले आहे. मध्यंतरी एक गिऱ्हाईक महेश्वरी साडी घेऊन आले. तिच्या काठाला जुळणारा फॉल यजमानांच्या रंगांच्या वहीत कोठेच सापडेना. या वहीत कापडाचे तुकडे चिकटवून प्रत्येकाखाली त्यांनी आपल्या अक्षरात नाव लिहिलेले आहे: आमसुली, चिंतामणी, अबोली, श्रीखंडी. बाईंनी साडी उंबऱ्यापाशी उन्हात नेली, दोन ठाणे उलगडून रंग जुळवला, गिऱ्हाईक गेल्यावर तो तुकडा वहीत चिकटवला आणि यजमानांच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिले, 'ओल्या विटेचा'. त्या क्षणी फार आनंद झाला आणि त्या रात्री फार लाज वाटली. "हे गेले म्हणून मला हे जमले, असा हिशेब मनात येतो आणि मी स्वतःलाच नकोशी होते," असे त्यांनी लिहिले आहे. त्यातच एका नणंदेने "बरी सावरलीस, लवकर सावरलीस" असा टोमणा मारला, चैत्रात कॉलनीतल्या हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही, आणि वर्षश्राद्धाला आलेला मुलगा "दुकान विकून सगळ्यांनी पुण्याला चला" असे सांगून गेला. त्यांचे प्रश्न दोन आहेत. आपले काळीज दगडाचे झाले आहे का? आणि पुण्याला जावे का?

---

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी आधी बाजूला काढून ठेवते, कारण बाकी सगळा गुंता त्याभोवतीच आहे. "हे गेले म्हणून मला हे जमले." या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एका दोऱ्याने शिवल्या गेल्या आहेत. यजमान गेले, ही एक घटना आहे. ती तुम्ही घडवली नाही, मागितली नाही, आणि तिच्यात तुमच्यासाठी काहीही चांगले नव्हते. त्यानंतर देणेकऱ्यांना तोंड देत, चुकीचे ठाण मागवून पदरचे पैसे घालवत, दर महिन्याला जीएसटीचा भरणा समजून घेत तुम्ही दुकान शिकलात, ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती संपूर्णपणे तुमची कमाई आहे. मृत्यूने तुम्हाला रंग जुळवायला शिकवले नाही. ते तुमच्या डोळ्यांनी आणि हातांनी केले.

हा भेद मी तुमच्या समाधानासाठी रचलेला नाही. अमेरिकेतील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या आघातानंतर माणसांत दिसणाऱ्या बदलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९६ मध्ये ते बदल मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. स्वतःच्या बळाची जाणीव, पूर्वी न दिसलेल्या वाटा, नात्यांतली जवळीक, साध्या गोष्टींचे मोल आणि श्रद्धेविषयीचा नवा विचार, अशा पाच अंगांनी माणूस बदलू शकतो असे त्यांना आढळले. त्यांनी दोन गोष्टी मात्र आग्रहाने मांडल्या आणि त्याच आपल्याकडे सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, ही वाढ आघातातून होत नाही, आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून होते. दुसरी म्हणजे, वाढ झाली म्हणून दुःख कमी झाले असे नसते. दोन्ही एकाच माणसात, एकाच दिवशी, पुष्कळदा एकाच तासात नांदतात. दुपारी वहीत तुकडा चिकटवताना आलेला आनंद आणि रात्री न्हाणीघरात आलेले रडू यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असलेच पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. एका पारड्यात आनंद चढला की दुसऱ्या पारड्यातले प्रेम हलके होते, अशा तराजूने तुम्ही स्वतःला तोलत आहात. प्रेमाला तो तराजू लागू पडत नाही.

आता अहिल्याबाईंविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या इंदुरात कोणतीही बाई संकटात उभी राहिली की लोक हीच उपमा देतात. उपमा देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण त्या नावाने ते तुमच्यापुढे जी मूर्ती ठेवतात, ती हातात शिवलिंग घेतलेली, शांत, कोरड्या डोळ्यांची असते. खऱ्या अहिल्याबाईंचे आयुष्य पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले आणि त्या सती जाण्यास निघाल्या. सासरे मल्हारराव यांनी विनवून त्यांना मागे फिरवले. त्यानंतर राज्यकारभार प्रत्यक्ष त्यांच्या हाती आला तो १७६७ मध्ये. मधली तेरा वर्षे, त्यांतली जवळजवळ सगळी सासऱ्यांच्या देखरेखीखाली, त्या हिशेब, पत्रव्यवहार, तोफखान्याची आणि रसदीची कामे शिकत होत्या. १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. ज्या खंबीरपणाचे दाखले तुम्हाला दिले जातात, त्याच्यामागे तेरा वर्षांची उमेदवारी आणि पाठीशी उभा राहणारा एक वडीलधारा माणूस होता. तुमच्याकडून मात्र तेरा दिवसांत तो खंबीरपणा अपेक्षिला गेला.

आणि पुढे १७९१ मध्ये, जावई यशवंतराव फणसे गेल्यावर लेक मुक्ताबाई सती जाण्यास निघाली, तेव्हा अहिल्याबाईंनी तिची परोपरीने विनवणी केली, पण ती थांबली नाही. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यांनी माळव्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकून ही हकिकत १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी अहिल्याबाईंचे हात धरून ठेवले होते. ज्वाला भडकल्यावर त्यांचा धीर सुटला, त्या आक्रोश करू लागल्या आणि सोडवून घेता येत नव्हते ते स्वतःचेच हात त्यांनी दातांनी चावले. नर्मदेवर स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ अन्नाविना, एक शब्दही न बोलता बसून राहिल्या. त्यानंतर मुलीच्या कुटुंबाचे स्मारक बांधून घेण्यात त्यांना काहीसा विसावा मिळाला, असे माल्कम लिहितात. हे वाचताना माझा जीव अजूनही गलबलतो. तेव्हा कोणी पुन्हा तुम्हाला अहिल्यामातेची उपमा दिली, तर ती संपूर्ण अहिल्याबाईंची समजून घ्या. घाटावर सर्वांसमोर आक्रोश केलेल्या आणि तीन दिवस अबोल बसलेल्या बाईंची. त्यांना नळ सोडावा लागला नव्हता.

या नळाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. माझी आई ४१ व्या वर्षी विधवा झाली. आम्ही तेव्हा ग्वाल्हेरला राहत होतो. आम्हा भावंडांसमोर तिच्या डोळ्यांत कधी पाणी दिसले नाही, आणि आम्ही ते अभिमानाने सांगत मोठे झालो. फार पुढे, सत्तरी उलटल्यावर, तांदूळ निवडता निवडता ती एकदा म्हणाली, "तुमच्यापैकी कोणी एकदा जरी विचारले असते तरी मी रडले असते." मी काही बोलू शकले नाही. आमच्यासाठी ती धीराची होती, पण आम्ही मुले मात्र तिच्याकडून रडू लपवायचे शिकलो आणि ते शिकणे आम्हाला पुढे फार महाग पडले. तुमची मुलगी भिंतीपलीकडे झोपते. नळाचा आवाज तिला ऐकू येत नसेल, असे तुम्हाला खरोखर वाटते का? आई कशासाठी नळ सोडते हे तिला बहुधा ठाऊक आहे, आणि आईला ते कळू द्यायचे नाही म्हणून तीही आपल्या उशीत तोंड खुपसून पडत असेल. एखाद्या रात्री नळ न सोडता तिच्या खोलीत जाऊन बसा. फार बोलण्याची गरज नाही. "आज बाबांची फार आठवण येते आहे," एवढे पुरे.

नणंदेच्या टोमण्यामागे दुःखाच्या वेळापत्रकाची एक समजूत आहे. अमुक दिवस रडायचे, मग हळूहळू सावरायचे, आणि शेवटी सगळे मान्य करायचे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच टप्प्यांचा लोकांनी असाच अभ्यासक्रम करून टाकला. वास्तविक ते टप्पे त्यांनी स्वतःचे मरण समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडले होते. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते नंतर लावले गेले, आणि ते सगळ्यांना त्याच क्रमाने येतात असे आढळलेले नाही. नेदरलँड्समधील संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार मला तुमच्या पत्राच्या जास्त जवळचा वाटतो. जवळचे माणूस गेल्यावर मन कधी त्या माणसाकडे, त्याच्या आठवणींकडे ओढले जाते, तर कधी नव्याने अंगावर पडलेल्या कामांकडे, नव्या ओळखीकडे वळते. झोपाळ्यासारखे हे येणे-जाणे चालू राहणे हेच निरोगी शोकाचे लक्षण आहे, असे ते म्हणतात. दिवसभर दुकान आणि रात्री न्हाणीघर हा तुमचा झोपाळा चांगला चालू आहे. नणंदेने त्याचे फक्त एक टोक पाहिले, दुकानाचे, आणि त्यावरून मत बनवले. तिचा भाऊ गेला आहे हेही विसरू नका. तुम्ही सावरलात याचा तिला राग नसावा, भावाला सगळे विसरले की काय ही तिची भीती असावी. एखाद्या दुपारी तिला दुकानात बोलावून ती वही दाखवा. भावाचे अक्षर पाहिल्यावर तिच्या तोंडून काय येते ते ऐका.

हळदीकुंकवाचे तुम्ही जेमतेम दोन ओळींत लिहिले आहे, पण त्या दोन ओळींत शाई पसरलेली आहे. बोलावणे न येण्याचा घाव लहान नसतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो आदर्श इतर ग्रामपंचायतींनी घ्यावा असे परिपत्रक काढले. एका खेड्याने जे केले ते आपल्या कॉलनीला जमू नये याचे मला वाईट वाटते. तुम्ही बोलावण्याची वाट पाहू नये, असे मी सुचवते. पुढच्या चैत्रात तुमच्या घरी गौर मांडा, आंब्याची डाळ आणि पन्हे करा आणि कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलवा, ज्यांचे यजमान आहेत त्यांना आणि ज्यांचे नाहीत त्यांनाही. जमले नाही, मन झाले नाही, तरी काही बिघडत नाही. पण झाले, तर आधी सासूबाईंना विचारा आणि पहिली ओटी त्यांची भरा.

सासूबाईंचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तुमच्या सहा पानांत सासूबाई तीन वेळा आल्या आहेत आणि तिन्ही वेळा औषधाबरोबर आल्या आहेत. रक्तदाबाची गोळी, डोळ्यांत घालायचे थेंब, गुडघ्याचे तेल. त्यांचा मुलगा गेला आहे. तुम्ही त्यांची सेवा मनापासून करता हे ओळीओळीतून दिसते, पण त्या घरात शोक करणारी दुसरी एक बाई बसलेली आहे, आणि तुम्ही दोघी एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून यजमानांचे नाव काढत नाही, असे मला वाटते. ही माझी अटकळ आहे, चुकीची असेल तर क्षमा करा. खरी असेल, तर त्यांना त्यांच्या मुलाच्या लहानपणीची एखादी गोष्ट विचारा. रंगांचे एवढे वेड त्याला कोठून लागले, हे विचारा. ती माहिती आज या जगात फक्त त्यांच्यापाशीच आहे.

आता पुण्याचा प्रश्न. घर विकणे, गाव सोडणे, धंदा मोडणे असे परत न फिरवता येणारे निर्णय पहिल्या वर्षात घेऊ नयेत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. तुमचे वर्ष उलटले आहे, त्यामुळे विचार करायला हरकत नाही. मात्र मुलाचे म्हणणे आणि मुलाची भीती या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. आई एकटी दुकान चालवते, आजी थकली आहे, आणि बाबांसारखाच एखादा फोन पुन्हा पहाटे येईल, या भीतीने तो पुण्यात झोपत नसेल. दुकान विकले की ती भीती जाईल असे त्याला वाटते. तेव्हा त्याला पैशांचे आकडे सांगण्याआधी हे विचारा की, "बाबा गेल्याचा फोन आला त्या पहाटे तू काय करत होतास?" तुम्ही दोघे या विषयावर अजून बोललेला नाहीत, असे पत्रावरून दिसते.

ते बोलणे झाल्यावर व्यवहाराकडे वळा. तुमच्या पत्रावरून यजमानांनी मृत्युपत्र केले नव्हते असे समजते. दुकानाची जागा त्यांच्या स्वतःच्या कमाईची आणि त्यांच्या नावावर असेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी या चौघांचा तीत समान हिस्सा आहे. म्हणजे विक्रीचा निर्णय एकट्या मुलाचा नाही, एकट्या तुमचाही नाही. सासूबाई आणि मुलगी यांचीही संमती लागेल. जागा भाड्याची असेल तर हिशेब वेगळा होतो, म्हणून आधी कागद बाहेर काढा. कोणी प्रेमाने किंवा घाईने हक्कसोडपत्र पुढे केले, तर स्वतंत्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका; एकदा नोंदणी झालेला असा दस्त मागे घेणे फार कठीण असते. बँकेतील ठेवींवर ज्याचे नामनिर्देशन आहे तो पैसे ताब्यात घेऊ शकतो, पण तेवढ्यावरून तो त्या पैशांचा एकटा मालक ठरत नाही, हेही मुलांना समजावून सांगा. जीएसटीचा जुना क्रमांक यजमानांच्या नावाचा होता. वारसाला स्वतःच्या नावाने नवी नोंदणी करावी लागते आणि जुनी रद्द करावी लागते. हे झाले नसेल तर या महिन्यात करसल्लागाराकडे जा. विम्याची जी रक्कम आली आहे, ती पुण्यातल्या सदनिकेच्या पहिल्या हप्त्यात सगळीच्या सगळी घालू नका, एवढे मात्र मी ठामपणे सांगेन. तुमच्या नावाची, तुमच्या हाताखालची गंगाजळी तुमच्याजवळ राहू द्या.

विकणे किंवा न विकणे यांच्या मधली एक वाट आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, ज्याला आपल्या माळव्यात मलमास म्हणतात, लग्ने नसतात आणि मॅचिंगच्या धंद्याला उसंत असते. त्या महिन्यात शटर ओढून, किंवा रोजचा हिशेब फोनवर कळवील असा विश्वासू माणूस बसवून, तुम्ही तिघी पुण्याला राहायला जा. पाहुण्या म्हणून जाऊ नका. तिथल्या भाजीवाल्याशी, दवाखान्याशी, संध्याकाळच्या रिकाम्या तासांशी गाठ पडू द्या. सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावरचे घर सोसते का, मुलीला तिथे पुढचे शिक्षण घ्यावेसे वाटते का, आणि सकाळी दहा वाजता तुमचे हात काय शोधतात, हे पाहा. त्यानंतर जे ठरेल ते ठरेल. पुण्याला जाऊनही तुम्ही मॅचिंगचे दुकान काढू शकता, आणि इंदुरात राहूनही चार वर्षांनी ते विकू शकता. मला विचाराल तर पत्र वाचून माझा कल तुम्ही इंदुरात राहावे याकडे आहे, कारण सहा पानांत तुमचे अक्षर जिथे जिथे मोकळे झाले आहे, ते परिच्छेद दुकानाचे आहेत. पण माझ्या कलाला तुमच्या घरात मत नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतर भगिनींसाठीही लिहिणे मला आवश्यक वाटते. या पत्रातल्या बाईंना दुकान सापडले. तुमच्यापैकी अनेकींना असे काही सापडले नसेल. नवरा गेल्यावर, मूल गेल्यावर, बहीण गेल्यावर ज्या कशाबशा डबा करतात, मुलांना बसपर्यंत सोडून येतात आणि पुन्हा अंथरुणावर पडतात, त्या कमी पडलेल्या नाहीत. दुःखातून काहीतरी घडवलेच पाहिजे ही अपेक्षा म्हणजे दुखावलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवलेली आणखी एक पाटी आहे. रमाबाई रानडे यांना आपण पुण्याच्या सेवासदनासाठी ओळखतो. पण त्यांचे यजमान न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले आणि सेवासदनाची स्थापना झाली १९०९ मध्ये. मधल्या काळातले पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ एकांतात काढले होते. त्या वर्षाकडे कोणी पराभव म्हणून पाहत नाही.

मात्र शोक एका जागी थिजून बसला असेल तर मदत मागितली पाहिजे. गेलेल्या माणसाची तळमळ महिनोन्महिने तशीच तीव्र राहते, झोप आणि भूक परतत नाही, आयुष्याला अर्थच उरलेला नाही असे सतत वाटते, घरातली साधी कामेही होत नाहीत, अशी अवस्था सहा महिन्यांहून अधिक टिकली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तिला आता दीर्घकालीन शोकाचा विकार म्हटले जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत हीच मर्यादा प्रौढांसाठी बारा महिन्यांची आहे. यावर उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरातल्या कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. शेजारणींनाही माझी विनंती आहे. अशा घरी गेल्यावर "धीर धर" म्हणू नका. बसा, चहा तुम्ही करा, आणि गेलेल्या माणसाचे नाव घ्या.

भगिनी, आता पुन्हा तुमच्या वहीकडे येते. यजमानांच्या वहीत आपले अक्षर उमटवले, हा तुम्हाला अधिक्षेप वाटला. मला ते वाचताना त्यांच्याशी चाललेले तुमचे बोलणे दिसले. २३ वर्षे ते एकटेच ज्या वहीशी बोलत होते, तिला आता कोणी उत्तर दिले आहे. गेलेल्या माणसाशी नाते तोडून पुढे जावे, असे एकेकाळी सांगत. १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पुष्कळ माणसे हे नाते तोडत नाहीत, त्याचे रूप बदलून ते चालू ठेवतात, आणि त्यात काही अनैसर्गिक नाही. आपल्या आज्या दर सर्वपित्रीला ताटात गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी वाढत आल्या, त्या दुसरे काय करत होत्या?

तुम्ही लिहिले आहे की, ज्या संध्याकाळी गल्ला पहिल्यांदा पै-पैशाने जुळला, तेव्हा ते सांगण्यासाठी तुम्ही नकळत फोन उचललात आणि मग हात खाली आला. रोजमेळाच्या वहीच्या शेवटी कोरी पाने असतात. शटर ओढण्याआधी तिथे त्यांना दोन ओळी लिहा. आज कोण आले होते, कोणत्या व्यापाऱ्याने माल उशिरा धाडला, मुलीचा कोणता पेपर कसा गेला, कशाचा राग आला. ज्या दिवशी आनंद झाला असेल त्या दिवशी तोही लिहा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो म्हणून साडी उंबऱ्यापाशी न्यायची, हे तुम्हाला कोणी शिकवले नव्हते असे तुम्ही म्हणता. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लक्ष्मीपूजन आटोपल्यावर एका गिऱ्हाइकासाठी ते साडी घेऊन उंबऱ्यापाशी उभे होते आणि तुम्ही गादीवरून पाहत होतात, हे तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिले आहे.

पुढचा तुकडा चिकटवाल, तेव्हा नावाखाली तारीखही घाला.